वाचनयंत्राला कुठला आवाज लावू?

ताई, नमस्कार. मी ६७ वर्षांचा, ऐरोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होतो. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग खराब झाला. चालता-फिरता येतं, भाजी आणता येते, पण अक्षर दिसत नाही. जिथे बघावं तिथेच डाग. तेव्हापासून बायको मला सकाळी पेपर आणि रात्री पुस्तकाची वीस-पंचवीस पानं वाचून दाखवते. आता तिचा घसा सारखा बसतो, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. म्हणून मुलाने खिशात मावणारं वाचनयंत्र घेऊन दिलं. त्यात पाच आवाज आहेत. तीन आठवडे रोज एक बदलून बघतोय. गोड आहे तो मध्येच अडखळतो, स्पष्ट आहे तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, आणि एक तर मराठी हिंदीसारखं बोलतो. नातवाने घातलेली दोन पुस्तकं कुठलाच आवाज धड वाचत नाही, नुसती इंग्रजी अक्षरं बडबडतो. नातू म्हणतो, आजीचं रेकॉर्डिंग दे, तिच्या आवाजाची नक्कल करून यंत्रात घालतो. घालू का? आणि मुळात आवाज निवडायचा कसा? यंत्र परत द्यावं असं वाटायला लागलंय.
– एक वाचक, ऐरोली

नमस्कार काका,

यंत्र परत देऊ नका. निदान एक महिना तरी नाही.

पत्रातली एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं बोट तिथेच थांबलं. तीन आठवडे, रोज एक आवाज. रोज नवा माणूस दारात उभा केला तर त्याची बोलण्याची ढब कळायच्या आत तो निघून जातो. या तीन आठवड्यांत तुम्ही आवाज ऐकलेत, पुस्तक ऐकलंच नाही. दमणूक झाली ती त्यामुळे.

माझी दृष्टी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली. त्यानंतर संगणकावर पहिल्यांदा कानावर पडला तो ई-स्पीकचा आवाज, तुमच्या भाषेत पत्र्याच्या डब्यातला. दहा मिनिटांत मी हेडफोन काढून ठेवले आणि आईला म्हटलं, हे असं आयुष्यभर ऐकायचं असेल तर मला वाचायचंच नाही. पण परीक्षा तोंडावर होती, दुसरा उपाय नव्हता, म्हणून ऐकत राहिले. पाचएक आठवड्यांनी एक जाड कादंबरी संपवली, आणि संपल्यावर लक्षात आलं की शेवटचे दोन तास मला यंत्र ऐकूच आलं नव्हतं. त्या गोष्टीतली माणसं तेवढी ऐकू आली होती.

तुम्ही ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तकं आणली असतील, तर जरा आठवून बघा. १८९३ सालची संस्था आहे ती, तिथल्या जुन्या पुस्तकांचा टाइप बारीक, नव्यांचा मोठा, काहींची शाई पुसट. पुस्तक रंगलं की टाइप डोळ्यांपुढून जायचा. फारच वाईट असला तरच पहिल्या पानाला डोळे दुखायचे. यंत्राचा आवाज तुमच्यासाठी आता त्या टाइपच्या जागी आहे. काकूंच्या जागी तो नाही आणि येणारही नाही. पाचही आवाजांची तुलना तुम्ही मनातल्या मनात काकूंशी करत असाल, आणि त्या तुलनेत जगातला कुठलाही आवाज हरेल. तुलना टाइपशी करा. ‘हा कानाला गोड लागतो का’ असं न विचारता ‘तासाभराने मी याला विसरतो का’ असं विचारा.

आता तुमचे पाच आवाज तसे का वागतात ते सांगते. कारखान्यात आयुष्य गेलंय तुमचं, यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कळलं की तुमचा राग निम्मा कमी होईल.

पत्र्याच्या डब्यातला आवाज कुणाच्याही रेकॉर्डिंगचा नसतो. तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीत ध्वनी कसा घुमतो याचे नियम मांडून तो जागच्या जागी घडवला जातो. म्हणून तो कोरडा. पण म्हणूनच तो अगदी लहान असतो, कमी ताकदीच्या यंत्रावरही बटण दाबताक्षणी बोलतो, बॅटरी खात नाही, आणि वेग कितीही वाढवला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. ई-स्पीक याच जातीचा. तो फुकट आहे, शंभराहून जास्त भाषा बोलतो, त्यांत मराठी आहे. संगणकावर आम्हा अंध लोकांना आधार झालेल्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरबरोबर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर, तोच येतो.

अडखळणाऱ्या गोड आवाजाची दोन कारणं असू शकतात. जुन्या पद्धतीत एखादी व्यक्ती स्टुडिओत बसून तासन्‌तास वाचते, त्या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करतात आणि यंत्र ते जोडून नवी वाक्यं बनवतं. जोड नीट बसला तर माणूस बोलतोय असं वाटतं, नाही बसला तर शब्दात गचका येतो. वेग वाढवला की जोड अधिकच उघडे पडतात. नव्या पद्धतीत संगणक रेकॉर्डिंगवरून बोलणं शिकतो. हे आवाज फार सुंदर असतात. मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज ऐकाल तर थक्क व्हाल. पण असल्या आवाजांना मोठी ताकद लागते, म्हणून कित्येकदा आवाज दूरच्या संगणकावर तयार होऊन इंटरनेटवरून येतो. तुमचा गोड आवाज या दुसऱ्या जातीचा असेल, तर वायफाय बंद करून लावून बघा. बोलायचाच थांबला, तर दोष यंत्राचा नाही, तुमच्या घरच्या नेटचा आहे. आणि गाडीत तो तुमच्या उपयोगाचा नाही. ऐरोलीहून ठाण्याला जाताना नेट गेलं आणि खलनायक दारात येऊन गप्प झाला, तर काय चिडचिड होते ते मी भोगलंय.

डब्यातल्या आवाजाला कमी लेखू नका, हे मी मनापासून सांगते. बोलणं गेलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा यंत्रातला आवाज साऱ्या जगाला माहीत होता. तो डेनिस क्लॅट या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकाने घडवला होता, स्वतःच्या आवाजाचा नमुना धरून. क्लॅट १९८८ मध्ये गेले. पुढे माणसासारखे कितीतरी आवाज निघाले, पण हॉकिंग यांनी २०१८ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, तोच ठेवला. तो त्यांना आपला वाटत होता.

मराठी हिंदीसारखं बोलणाऱ्या आवाजाला मात्र आजच काढून टाका. तो बहुधा हिंदीचाच आवाज आहे; लिपी एक म्हणून रेटून वाचतो. काही वर्षांपूर्वी ‘मराठी चालतं’ असं छातीठोक सांगून एका विक्रेत्याने मला असंच यंत्र दिलं होतं. घरी आणून लावलं तर ‘विज्ञान’चं ‘विग्यान’, ‘पैसा’चा ‘पॅसा’, आणि पंचवीस रुपयांचे ‘पच्चीस’. आपलं ‘द्न्य’ गेलं, ‘अइ’ गेला, आकडे गेले. तशा आवाजावर पुस्तक वाचणं म्हणजे दर ओळीला मनात भाषांतर करणं. दुकानात आवाज ऐकवताना ते ‘नमस्कार, आपले स्वागत आहे’ ऐकवतात. त्यात काहीच कळत नाही. मी तेव्हापासून परीक्षेचा उतारा खिशात घेऊन फिरते. तुम्हाला देते, नातवाकडून टाइप करून घ्या आणि राहिलेल्या चारांपुढे ठेवा:

‘चारचौघांत चोर चहा पितो आणि जरा जपून जिना चढतो. पाण्याचा जग फुटला म्हणून सारं जग बुडत नाही. टिळकांच्या पुतळ्याजवळ केळी, जांभळं, नारळ मिळतात. सिंहाने झेप घेतली, सशाने बीळ गाठलं. कोपरखैरण्याच्या डॉ. पाटलांनी दि. २९/३/२०१९ रोजी ५९ कि.मी. प्रवास केला, रु. १,२५,००० दिले. पाटावर पाठ टेकून ताटात थाटाने जेवला. घरं बांधली, पुस्तकं वाचली, सगळं केलं.’

काय ऐकायचं ते सांगते. आपल्याकडे च आणि ज दोन तऱ्हेने उच्चारतात आणि छपाईत दोन्ही सारखेच दिसतात. ‘चोर’मधला च दातांपाशी, ‘चहा’तला टाळूपाशी. दोन्ही ‘जग’ वेगळे काढणं चांगल्या आवाजालाही जड जातं, त्याबद्दल गुण कापू नका. पण ‘चोर’ आणि ‘जरा’ चुकत असतील तर कापा. ळ ऐका. ‘सिंह’ आपण ‘सिंव्ह’ म्हणतो, तो बघा. ‘केलं’चं ‘केलम्’ होतंय का बघा, कारण ते प्रत्येक वाक्यात येणार. ५९ला ‘एकोणसाठ’ म्हणतो की ‘पाच नऊ’? डॉ. ला ‘डॉक्टर’ म्हणतो की ‘डॉ’ म्हणून वाक्य संपवतो? तारखेची तर फारच गंमत होते, काही आवाज तिरक्या रेघांना ‘भागिले’ म्हणतात. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाट-पाठ आणि ताट-थाट तुम्हाला वेगळे ऐकू येतात का.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते. साठीनंतर कानाला आधी बारीक, उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांची धार त्याच पट्टीत असते. त्यामुळे आवाज मोठा करूनही ‘ऐकू येतं पण कळत नाही’ असं होतं. दोष आवाजाचा वाटतो, आणि असतो कानाचा. म्हणून चारही आवाजांची पट्टी सेटिंगमध्ये जाऊन थोडी खाली आणा. पुष्कळ वडीलधाऱ्यांना जरा खर्जातला पुरुषी आवाज जास्त उमगतो. काकूंच्या जागी बाईचाच आवाज हवा असं मनात धरलं असेल तर ते सोडा. आणि कान एकदा तपासून घ्या, काका. डोळ्यांवर एवढा खर्च झाला, कानांची तपासणी अर्ध्या तासाची आहे. आता वाचन कानांवरच आहे.

परीक्षा घरातल्या शांत खोलीत घेऊ नका. एकदा पंखा फुल ठेवून, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना घ्या. एकदा ऐरोली स्टेशनच्या बाकावर. फलाटावर आणि रस्त्यावर एकाच कानात इअरफोन, दुसरा कान गाडीसाठी आणि माणसांसाठी मोकळा; यावर मी कुणाशीही वाद घालत नाही. हाडांमधून ऐकवणारे, कान झाकत नाहीत असे हेडफोन मिळतात, ते तुम्हाला सोयीचे पडतील.

एवढं झाल्यावर चारांतला एक निवडा आणि पंधरा दिवस सेटिंगला हात लावू नका. पुस्तकही ओळखीचं घ्या, एकदा वाचून झालेलं. म्हणजे एखादा शब्द निसटला तरी धागा सुटत नाही आणि कान सरावतो. वेग पहिल्या आठवड्यात काकूंच्या वाचनाइतका ठेवा, मग दर तीन-चार दिवसांनी एक खूण वर. इंग्रजीत साधं बोलणं मिनिटाला दीडशेएक शब्दांचं असतं आणि सरावलेले अंध वाचक त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात. तुम्हाला तिथवर जायची गरज नाही, पण थोडा वेग वाढला की मन भटकत नाही, हे अनुभवाने सांगते. फार सावकाश वाचणारं यंत्र झोप आणतं.

पंधरा दिवसांनी दुसरा आवाजही ठेवायचा आहे. मी दोन ठेवते. कादंबरीला मऊ, यंत्राच्या मेनूला आणि बँकेच्या मेसेजला कोरडा. मेनूत बटण दाबल्यावर उत्तर झटकन यावं लागतं. गोड आवाज तिथे अर्धा सेकंद विचार करतो आणि तुम्ही तोवर पुढचं बटण दाबलेलं असतं. तुमच्या यंत्रात दोन आवाज वेगळे लावता येतात का, मुलाला बघायला सांगा. कारखान्यातल्या जुन्या सवयीने तुम्ही इंग्रजी तांत्रिक मासिकं वाचत असाल, तर त्यांना इंग्रजीचा वेगळा आवाज लावा. मराठी आवाजाच्या तोंडी इंग्रजी परिच्छेद घालणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

आता ती दोन पुस्तकं. त्यात आवाजाचा काही दोष नाही. मराठीत वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये पुस्तकं जुळवली गेली. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात त्या जागी भलतंच इंग्रजी अक्षर असतं. डोळ्याला चित्र दिसतं म्हणून फसतो, यंत्र पोटातलं वाचतं म्हणून बडबडतं. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराची स्वतःची ठरलेली खूण असलेल्या पद्धतीत, असली की हा प्रश्न येत नाही. नातवाला दोन मार्ग आहेत: फाँट बदलून देणारा कन्व्हर्टर वापरायचा, किंवा पानांची चित्रं करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने, मजकूर पुन्हा ओळखून घ्यायचा. टेसेरॅक्ट नावाचं मोफत ओसीआर मराठी ओळखतं. जोडाक्षरांत चुका राहतात, पण वाचता येतं. त्याहून सोपं म्हणजे ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा. २४ ऑगस्ट २०१६ ला ते सुरू झालं, छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे, मराठी पुस्तकंही आहेत, आणि फाइली यंत्राला वाचता येतील अशाच असतात. तुमच्या नेत्रतज्ज्ञांचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यामुळे आपल्यासाठी अशा प्रती करणं कायदेशीर आहे. आपण कुणाची चोरी करत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या पिढीला ती टोचणी असते.

राहिला नातवाचा प्रश्न. मुलगा प्रेमाने म्हणतोय, त्याला रागावू नका. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणं आता शक्य आहे. तरी मी म्हणेन, नको. पहिली गोष्ट, आवाज काकूंचा आहे. पत्रात नातवाचं मत आहे, तुमचं आहे, त्यांचं कुठेच नाही. त्यांना विचारल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नका. दुसरी गोष्ट, असा आवाज तुमच्या लहान यंत्रावर अडखळेलच. आणि तिसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. काकू वाचतात तेव्हा त्या वाचता वाचता थांबतात, ‘हे बघा काय म्हणतोय’ म्हणतात, एखाद्या वाक्यावर हसतात, तुम्हाला डुलकी लागली की पान दुमडून ठेवतात. नकलेत यातलं काही येणार नाही. काकूंचा आवाज तेवढा बातम्या, जाहिराती आणि बँकेचे मेसेज वाचत राहील. त्या स्वयंपाकघरात असताना त्यांचा आवाज तुमच्या खिशातून शेअर बाजाराचे आकडे सांगतोय, हे त्यांना कसं वाटेल, याचा विचार करा. मला तरी ते सहन झालं नसतं.

त्याऐवजी एक करा. पेपर, कादंबऱ्या, मासिकं, सगळं यंत्राकडे द्या, म्हणजे काकूंच्या घशाला खरंच विश्रांती मिळेल. घसा बरा असेल त्या दिवशी, डॉक्टर हो म्हणतील तितकाच वेळ, त्यांनी वाचावं ते यंत्राने वाचू नये असं काहीतरी: कविता, जुनी पत्रं, मुलाच्या लहानपणीच्या वह्या. कविता यंत्राला अजून जमत नाही. ओळ कुठे मोडायची, कुठे श्वास घ्यायचा, त्याला कळत नाही. खिशातल्या बहुतेक वाचनयंत्रांना रेकॉर्डिंगचं बटण असतं. तुमच्या यंत्रात ते आहे का, नातवाला विचारा. काकू वाचायला बसल्या की त्यांना सांगून ते दाबा. सुरुवातीला तारीख आणि कवितेचं नाव मोठ्याने म्हणून ठेवा, म्हणजे पुढे फाइल शोधताना तुम्हाला कुणाच्या डोळ्यांची गरज पडणार नाही. मध्ये खोकला आला, दाराची बेल वाजली, तर कापू नका.